वाचता आलं तरच

पूरग्रस्तांच्या छावणीतून परत आणलेलं यंत्र वर्गातल्या टेबलावर ठेवत छावणीच्या बाई म्हणाल्या, "साठ हवीत. पण डिट्टो अशी. बाकीची अकरा आहेत ना, तसली नकोत."

पाणी शुद्ध करणारी ती बाराही यंत्रं सरांचीच. कल्पना त्यांची, छोटीशी कंपनी त्यांची, झाकणावर नावही त्यांचंच. पूर आला की सर रजा टाकून छावणीत, ओसरला की पुन्हा वर्गात फळ्यापुढे.

"तसली म्हणजे?"

"गढूळ पाणी दिसलं की रुसतात. लाल दिवा लावून बंद पडतात. आता पुरात स्वच्छ पाणी कुठून आणायचं हो?"

मुलं खुदकन हसली. सरांनीही ओढूनताणून हसू आणलं. तो लाल दिवा लावणारा सेन्सर जमायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

या यंत्राला बाजूनं तारेनं एक काचेची बरणी बांधलेली होती. बरणीच्या मागे छापील कागदाची पट्टी चिकटवलेली. सरांनी झाकण उघडलं. सेन्सरच्या वायरी कापून त्यांना नीट टेप लावला होता. जो दुरुस्ती करेल त्यानं झाकणाच्या आत सही करायची, हा नियम सरांचाच. आत सही होती: वॉशर.

शेवटच्या बाकावरच्या मुलीला सगळे वॉशर म्हणत. दिसायला एवढीशी, पण ती नसली की सगळं गळतं. सुट्टीत ती छावणीवर कामाला गेली होती.

"कुणाला विचारून?" सर म्हणाले.

"तुमचा फोन लागत नव्हता, सर. आणि रांगेत लहान मुलं होती." वॉशर उभी राहिली. "बरणीत पाणी घ्यायचं, तुरटी फिरवायची. मागची ओळ वाचता आली, तरच वरचं पाणी यंत्रात ओतायचं."

"आणि ज्याला वाचताच येत नाही त्यानं?" सापडली चूक, असं सरांना वाटलं.

"त्यानं शेजारच्याला विचारायचं," बाई म्हणाल्या. "छावणीत शेजाऱ्यांना काय तोटा?"

सरांच्या पोटात दुखलं. कुठल्या बाहेरच्या कंपनीनं हे केलं असतं, तर त्यांनी मोकळ्या मनानं शाबासकी दिली असती. पण ही पोरगी! स्क्रू कुठल्या बाजूनं आवळायचा हेसुद्धा हिला त्यांनीच शिकवलेलं. आता झाकणावर नाव त्यांचं राहणार आणि लोक मागणार बरणी.

"आधी चाचणी होऊ दे," ते म्हणाले. "इथंच, माझ्यासमोर."

"घ्या की," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'चालेल' म्हणा, मी लगेच ऑर्डरवर सही करते. नदी परत चढायला लागलीय. जुनी मात्र फुकट दिलीत तरी नेणार नाही."

वॉशरनं अंगणातली माती कालवलेलं पाणी बरणीत ओतलं, तुरटी फिरवली आणि ती बाजूला झाली. सर फळ्यावर काहीबाही लिहीत राहिले. अर्ध्या तासानं ते येऊन बरणीपुढे वाकले, इतके की मागच्यांना त्यांची नुसती पाठ दिसत होती.

गाळ तळाशी बसत होता. आधी एक काना दिसला, मग वेलांटी, मग अख्खी ओळ. सरांनी ती ओळखली. पहिल्या तासाला त्यांनीच वाटलेल्या नोट्समधली होती: 'यंत्राला कळत नसेल, तर माणसाला विचारा.'

"सर, वाचता येतंय का?" वॉशरनं विचारलं.

बाई पेनाचं टोपण काढून उभ्या होत्या.

"अजून नाही," सर म्हणाले.

वॉशरनं मान डोलावली. "मग थांबू या, सर. घाई करायची नाही," असं म्हणत तिनं त्यांना बसायला स्टूल आणून दिलं.