तिसरी घागर

रुपचंदने नवी घागर ओट्यावर आदळलीच. फुटली नाही एवढंच.

"आबा, आज ही भरानी. नही ते मी अठेन हालाव नही."

उखर्डू आबाने मान वर केली नाही. तो डांगर, म्हणजे खरबूज, पुसत बसला होता. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. आत चूल पेटलेली, खापरावर मांडे भाजले जात होते, आणि भाजणारी होती सुगंधा. रुपचंदची धाकटी बहीण, आबाची सून. भांडण तिच्यावरूनच चाललेलं, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

आखाजीची घागर म्हणजे मेलेल्या माणसाची. गार पाणी भरायचं, वर डांगर ठेवायचं, पुढ्यात निखाऱ्यावर आगारी टाकायची, म्हणजे पोळीचा घास आणि तूप. आणि घरच्याच माणसाने मेलेल्याचं नाव घेऊन त्याला जेवायला हाक मारायची. आबाकडे दोन घागरी भरायच्या, बापाची आणि आईची. तिसरी काही भरली जात नव्हती.

ती जीवरामची. आबाचा एकुलता एक. अंगावरची हळद उतरली नव्हती तर पलटणीत गेला, ब्रह्मदेशात लढायला. मग तार आली, बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. लढाई संपली, इंग्रज गेला, गावच्या शाळेवर नवा झेंडा लागला, आणि हा आपला बेपत्ताच.

त्याच्याच पलटणीतला तोताराम उजव्या हाताची बोटं घालवून गावात परत आला होता. दर आखाजीला आबा त्याला ओट्यावर बसवायचा आणि तेच विचारायचा.

"तू त्याले पडतांना देखं का?"

"नही, आबा. नदी उतरतांना मना मांगे व्हता. मी पल्याड गऊ, ते नही व्हता."

"मंग तो मरना असं तू कसं म्हनस?"

"मी कोठे म्हनस, आबा?"

झालं. घागर राहिली.

आणि घागर राहिली की सुगंधाही राहिली. धुळ्याच्या कापसाच्या जिनातला एक माणूस, बायको वारलेली, तिच्याशी पाट लावायला तयार होता. पाट म्हणजे दुसरं लग्न, आपल्यात होतंच. पण पंच अडून बसलेले. ज्याची घागर नाही तो जिवंत, आणि जिवंत माणसाची बायको दुसऱ्याला द्यायची कशी? धुळेवाला मागच्या आखाजीला थांबला. आता त्याने निरोप धाडला होता, ह्यापुढे नाही.

"तो पोळापावत दुसरी लई येई," रुपचंद म्हणाला. "तुमनं काय जास? तुमले फुकटनी मजूर भेटेल शे."

आबाचा हात थांबला. "ती मजूर नही. जीवरामनी बायको शे."

"मंग जीवराम कोठे शे? दखाडा माले."

"मी घागर भरू आनि उद्या तो ह्या दारमा उभा राहिना ते? काय सांगू त्याले? तुन्ही हाक मारी दिधी, आते परत जाय?"

"आनि नही उना ते? ही अठेच म्हतारी व्हई."

आत पोळी उलटल्याचा आवाज आला.

सुगंधाच्या तोंडून नवऱ्याचं नाव कोणी कधी ऐकलं नव्हतं. बाया उखाण्यात तरी घेतात, ही उखाण्यातही नाही. आखाजीला गल्लीतल्या पोरी झोका अडवून धरायच्या, नाव घे मगच सोडू म्हणायच्या, तर ही चालत्या झोक्यावरून उडी टाकायची. चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं तेव्हाही तिने आबाकडे बोट दाखवलं होतं. बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासूने, भागाबाईने, तिला आल्या आल्या सांगून ठेवलेलं.

तीच भागाबाई आता दारात येऊन उभी राहिली. "भरा आते," ती म्हणाली. "पोर सुकी गई."

आबा उठला. रुपचंदने आणलेली घागर त्यानेच धुतली, भरली, दोन घागरींच्या शेजारी मांडली, वर डांगर ठेवलं. निखाऱ्यांपुढे बसला. बापाचं नाव घेतलं, घास टाकला, तूप सोडलं. जाळ झाला. आईचं घेतलं. जाळ झाला. तिसरा घास त्याने उचलला आणि तोंड उघडलं.

शब्दच येईना.

"ल्या ना, आबा. नाव ल्या," रुपचंद म्हणाला.

आबाची हनुवटी नुसती हलत राहिली. भागाबाईने पदर तोंडात कोंबला होता. रुपचंदला राहवेना. तो पुढे झाला, "मी लेस," म्हणाला, तर भागाबाईने त्याला हातानेच अडवलं. घरचंच माणूस लागतं.

आबाने घास परत ताटात ठेवला. "मना तोंडमाईन निंघाव नही. उचल ती घागर."

रुपचंद हसला. पण ते हसणं नव्हतं. त्याने डांगर बाजूला फेकलं आणि घागर उचलली. पाणी सगळ्या ओट्यावर हिंदकळलं. "पुढला आखाजीले मी येवाव नही," तो म्हणाला. "बठ्ठा जन मिळीसन सुगंधाना नावनीच घागर भरा."

आतून जळका वास आला. सुगंधाने कधी पोळी करपू दिली नव्हती.

ती बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ. तिने भावाच्या हातातून घागर घेतली, जागेवर ठेवली. डांगर उचलून आणलं, पदराने पुसलं, वर ठेवलं. आबाच्या ताटातला घास उचलला आणि निखाऱ्यावर टाकला. तूप सोडलं.

मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "जीवराम."