गाणी ऐकू येत तोवर

अण्णांची दृष्टी गेल्यापासून लेकीला घटकाभरही घराबाहेर पडता येत नसे. दुपारी मात्र ते रेकॉर्डी लावत आणि स्वतःच्या लग्नानंतर हौसेने घेतलेल्या अँप्लिफायरच्या बटणांवरून बोटं फिरवत बसत. वरून गाणी ऐकू येत, तोवर ती खालच्या शिंपीणबाईंकडे बसून पोटभर हसून घेई. आज अँप्लिफायरचा पिवळा दिवा लागला, पण आवाज फुटेना. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि मान हलवली. “ताई, आतले ट्रान्झिस्टर जळलेत. हे आता कुठेच मिळत नाहीत. भंगारात द्या.” “दादा, पाया पडते, काहीतरी करा हो!” तिचा आवाज भरून आला. भिंत चाचपत अण्णा जवळ आले. “रडतेस कशाला, वेडाबाई? बंद पडला ते बरंच झालं. आता दुपारभर आपण दोघंच गप्पा मारू.” त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मेकॅनिकने जाताना दार ओढून घेतलं.