बिनआवाजाची

ती लोखंडी जिन्यावरून खाली पडली आणि आवाज झाला नाही.

कॅमेऱ्यात सगळं नीट दिसलं होतं. मालकाचं काम करणाऱ्या नटाने तिला ढकललं, ती गडगडत आली आणि फरशीवर आपटली. पण आवाजवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले, झटकले, पुन्हा लावले. माइक तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यात पंख्याची घरघर होती, कुणाचं तरी खोकणं होतं. तिचं पडणं नव्हतं.

सिनेमा भुतांचा आणि मारामारीचा होता. मालकाने कोंडून मारलेल्या लाँड्रीतल्या बायका धुलाईच्या यंत्रांमधून उठतात आणि सूड घेतात, अशी गोष्ट. बंद पडलेली लाँड्री फुकट मिळाली होती, म्हणूनच ती सुचली होती. पैशांची इतकी बोंब, की त्याच बायका सकाळी जिवंत असत आणि दुपारनंतर मेलेल्या. तोंडाला राखाडी लेप, अंगात एकसारखे पांढरे झगे आणि साखरेच्या पाकाचं रक्त, ज्याला मुंग्या लागत. पुरुष नट एकच, तोही दिग्दर्शिकेचा धाकटा दीर.

मारामारी शिकवायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांना सगळ्या मास्तरीणबाई म्हणत. पडायचं कसं, हे त्या उमेदीची वर्षं घालून आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन शिकल्या होत्या. हनुवटी छातीशी घ्या, जीभ दातांच्या आत ठेवा, हे बाकीच्यांना सांगता सांगता त्यांचा घसा बसला. जिन्यावरून पडणाऱ्या या एका बाईला मात्र काहीच सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी ती अशी पडली, की मास्तरीणबाई बघतच राहिल्या. सर्कशीत होतीस का, असं त्यांनी विचारलं. तिने नुसती मान हलवून नाही म्हटलं. ती बोलायचीच कमी. म्हणून बायकांनी तिचं नाव मुकी ठेवलं.

आता दिग्दर्शिकेला मेलेल्या बाईची किंकाळी हवी होती. मागाहून कुणाचा आवाज भरायची ऐपत नव्हती. जे काही ओरडायचं ते इथेच. मुकी पुन्हा जिना चढली, पुन्हा पडली. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण आतून कुणी दार लावून घेतल्यासारखं झालं. बाहेर काही आलं नाही. पुढच्या वेळीही तेच. आवाजवाल्याने माइक तिथेच सोडला आणि तो लांब जाऊन बसला.

रात्रीच्या चहाच्या सुट्टीत बायकांनी आपापल्या खुर्च्या जरा सरकवून घेतल्या. एकीने सांगितलं, ही मागून येते तेव्हा पाऊल वाजत नाही. दुसरी म्हणाली, जेवताना हिचं ताटसुद्धा वाजत नाही, बघा हवं तर. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न झाला, पण हसू कुणाला फुटेना. तोंडाला लेप फासून बसलेल्या त्या मेलेल्या बायका आपल्यातल्याच एकीला भ्यायला लागल्या होत्या.

तेवढ्यात मेकअपवाली मास्तरीणबाईंच्या कानाशी आली. तिने मुकीच्या पाठीवरचा रंग पुसायला घेतला होता. स्पंज ओला करकरून घासला, तरी निळं जाईना. मग तिच्या लक्षात आलं, पाठीला तिने रंग लावलाच नव्हता.

मास्तरीणबाई उठल्या आणि मुकीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"पडायला कुणी शिकवलं?"

मुकी कपाकडे बघत राहिली. "तसं कुणी नाही. लग्नानंतर जमायला लागलं."

"आणि ओरडत का नाहीस?"

"ओरडलं की पोरगी जागी होते, ताई."

मास्तरीणबाईंचा चहा तसाच राहिला. त्या आधी दिग्दर्शिकेपाशी गेल्या, मग एकेका बाईपाशी. काम तिथेच थांबलं. मुकी नको नको म्हणत होती, उगाच तमाशा होईल म्हणत होती. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, असं मास्तरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तिने पत्ता सांगितला. कुणीतरी तोंड धुवायला नळाकडे निघाली होती. राहू दे, म्हणून मास्तरीणबाईंनी तिला थांबवलं.

गाडीत मुकी एकदाच बोलली. पोर गुणाची आहे, म्हणाली, बाप घरात असला की लवकर झोपते.

घर दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होतं. दार नवऱ्याने उघडलं. समोर राखाडी तोंडांच्या बायका ओळीने उभ्या होत्या. दिव्याखाली त्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा दिसत होत्या. तो आधी हसला. दुसरं कुणी हसलं नाही. हे काय सोंग, असं त्याने विचारलं. मग त्याची नजर एकीवरून दुसरीवर फिरू लागली आणि आवाज चढत गेला. त्याने हात उगारलासुद्धा. पण यातली आपली कोणती, हेच त्याला कळेना. हात वरच राहिला. त्यांच्यातली एक पुढे झाली, तसा तो मागे सरकत भिंतीला टेकला. ती त्याच्या अंगावरून आत गेली. बाकीच्या त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. अजूनही कुणी बोललं नव्हतं.

आतल्या खोलीत पलंगावर आठ-नऊ वर्षांची पोरगी भिंतीकडे तोंड करून, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून झोपली होती. मागोमाग आलेल्या मास्तरीणबाई दारातच थांबल्या. मुकी पलंगाशी वाकली. तिने मुलीच्या खांद्याला हात लावला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, ऊठ बाळा, आपल्याला जायचंय, आवाज करू नकोस.

पोरगी दचकली नाही. तिने पांघरूण बाजूला केलं. पायांत बूट होते. आईच्या त्या मेलेल्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं.

"मोठ्याने बोल ना, आई," ती म्हणाली. "मी कधीच झोपलेली नसते."