तीन वायरींची एक वायर

"पंधरा दिवसांतला हा तिसरा अर्ज," सोसायटीच्या सेक्रेटरी ललिताताईंनी कागद टेबलावर ठेवला. "रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, तर तुझं होम थिएटर बंद. कायमचं."

सुदर्शनने अर्ज उघडला. शेजारच्या ज्ञानदेवकाकांचं वळणदार अक्षर. 'नवे यंत्र बसविल्यापासून माझ्या अंथरुणास खिळलेल्या पत्नीस अतोनात त्रास होत आहे. सर्व पूर्ववत करावे.'

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्ववत? म्हणजे पुन्हा तो संगणकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या तीन वायरींचा गुंता? मांजरीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तीन वर्षं त्यातल्या दोन वायरींची अदलाबदल झालेली होती, आणि पडद्यावरची माणसं बोलायची ती मागच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून. तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. आता त्याने बुधवार पेठेत चार दुकानं पालथी घालून साउंड कार्ड आणलं. ते संगणकातला सहाही चॅनेलचा आवाज एकत्र गुंफून एकाच वायरीतून ॲम्प्लिफायरला देतं. प्रत्येक आवाज आपापल्या जागेवरून येतो. बोलणं समोरून, पावलं मागून. काम चोख झालं आणि अर्ज सुरू झाले! चांगुलपणाचे दिवसच राहिले नाहीत.

"अहो ताई, पहिल्या अर्जानंतर आवाज निम्मा केला. दुसऱ्यानंतर काल तुमच्या शेजाऱ्यांकडच्या या मागच्या भिंतीला फोम लावला. संध्याकाळी सहाला रहस्यमालिकेचा एक भाग बघतो, बास. आता काय म्यूट करून बघू?"

"ते त्यांनाच विचार." ललिताताई शेजारी गेल्या आणि काकांना घेऊनच आल्या.

ज्ञानदेवकाका दारातच थांबले. भिंतीवरचा फोम पाहून त्यांचा चेहरा आणखी लाल झाला.

"हे काय चिकटवलंत?"

"तुमच्यासाठीच. आता तुमच्याकडे काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही."

"उपकार झाले. मराठी वाचता येतं ना आपल्याला? पूर्ववत करा, असं लिहिलंय."

"पूर्वीचं चुकीचं होतं, काका!" सुदर्शनचा आवाज चढला. "एवढं करूनही तुमचं समाधान नाही? विकूनच टाकतो सगळं!"

"विकू नका," काका घाईने म्हणाले. ललिताताईंकडे बघायचं त्यांनी टाळलं. "इंदूचा पलंग या भिंतीला लागून आहे. तिला दिसत नाही. तीन वर्षं तिने तुमचा एक भाग चुकवला नाही. आता बोलणं तिकडे पडद्याकडे गेलं, आमच्या वाट्याला नुसती पावलं. आणि कालपासून तीही नाहीत." त्यांनी फोमवर हात ठेवला. "पंधरा दिवस झाले, खून कोणी केला ते तिला कळलेलं नाही."