दहा कुप्या

सकाळच्या ड्रोनने आंबेशेतच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरच्या लसीच्या दहा कुप्या उतरवल्या, तेव्हा औषधांचा साठा सांभाळणाऱ्या सुनंदा वरठाने हातातला चहा खाली ठेवला. एरवी दोनच यायच्या. पाऊस, उकाडा, कापणी, शेतातले उंदीर असं सगळं तोलून कुठल्या गावाला आज काय लागेल, हे जिल्ह्याचं यंत्र ठरवायचं आणि तेवढंच पाठवायचं. दहा म्हणजे आज इथे साप चावण्याचा धोका फार मोठा होता.

ती तडक भातखाचरांकडे गेली. "आज गमबूट घातल्याशिवाय कुणी कापणीला उतरायचं नाही," तिने बांधावरून बजावलं. केंद्रातले, ग्रामपंचायतीतले, जिथे मिळाले तिथले बूट आणून तिने वाटले. म्हाताऱ्या जानकीबाईंनी कुरकुरतच पाय घातले. दुपारी घोणस त्यांनाच डसली. दात बुटाच्या रबरात रुतले, आत पायाला ओरखडाही नव्हता.

संध्याकाळी यंत्राने विचारलं, 'कुप्या वापरल्या का?' 'नाही' म्हटलं, तर अंदाज चुकला असं धरून ते पुढच्या वेळी कमी पाठवणार. कारण लिहायला जागाच नव्हती. सुनंदाने 'होय' नोंदवलं आणि दहाही कुप्या फ्रीजमध्ये मागे ठेवल्या.

डॉक्टर नेहते नोंद वाचून तिच्यापाशी आले. "सुनंदाताई, एकही रुग्ण आला नाही. मग लस दिली कुणाला?"

"सगळ्या गावाला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नोंदीखाली सही केली.