तानुबाईची बोलणी

दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत छाटणी चालू होती. बागेचा मालक राकेश पाचव्या ओळीपाशी आला आणि थबकला. काडीवर सात डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, राखून कापायचं ठरलं होतं. चैतालीने तीनच राखले होते. त्या ओळीतल्या नऊ झाडांना यंदा घड लागणार नव्हते.

"डोकं घरी ठेवून आली का? कुठून धरून आणतात यांना! आईबापांनी काही शिकवलंय का नाय तुला?"

चैताली अठरा वर्षांची. पेठकडून अकरा बायकांच्या टोळीबरोबर ती पहिल्यांदाच या कामाला आली होती. ती मान खाली घालून उभी राहिली. राकेश बोलतच होता. तिचं गाव निघालं, तिची जात निघायची बाकी होती.

टोळीची मुकादम तानुबाई ओळ ओलांडून आली. तिने हात वर केला तशा अकराही कात्र्या थांबल्या.

"काम का थांबवलं, तानुबाई?" राकेशने विचारलं.

"शेठ, तुम्ही इतकं बोलला. पण तिचं काय चुकलं, ते अजून सांगितलंच नाय."



तानुबाईने चैतालीचं मनगट धरून तिला झाडापाशी ओढलं. तिचा आवाज राकेशच्या वर चढला.

"सकाळी किती सांगितले होते? सात. मोज. तोंडानं मोज. वरच्या डोळ्यातून घड निघतो, तोच तू कापून टाकला. ध्यानात नव्हतं तर इचारायचं होतं. लाजत बसली आन् नऊ झाडं वाया घालवली. पुन्हा न इचारता कात्री चालवली, तर दुपारच्या गाडीनं घरी धाडीन."

मग ती बाकीच्यांकडे वळली. "चला, हात चालवा."

चैतालीने बाहीने डोळे पुसले. मोठ्याने सातपर्यंत मोजलं आणि कापलं. दुसरी काडीही मोजून कापली. तिसरीपाशी मात्र थांबली.

"मावशी, ही लय बारीक हाय. हिच्यावर किती ठेवू?"

"मला काय इचारते? बागवाले समोर उभे हायेत."

चैतालीने राकेशकडे पाहिलं. नजर खाली न घालता विचारलं, "किती ठेवू, शेठ?"

राकेशने पुढे होऊन काडी बोटांत धरली.

"दोन," तो म्हणाला. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "ये इकडं. का ते सांगतो."