राजा मरतो तो वग

"वग मातर त्योच पायजे, राजा मरतो त्यो," येडगावच्या गेणभाऊंनी राहुटीत बसता बसताच सांगून टाकलं.

सोमाजी मॅनेजरनं चोरून केशरबाईकडं पाहिलं. सकाळीच तिनं त्याला बजावलं होतं, या साली तेवढा वग कुणाला कबूल करू नको, दुसरा कुठलाही लाव. पण पाडवा तोंडावर आलेला. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या ओळीनं लागलेल्या, आणि गावोगावचे जत्रेवाले सुपारी द्यायला यायला लागलेले. इथं नाही म्हटलं की पावणं शेजारच्या राहुटीत.

"औंदा नवा वग बसवलाय, गेणभाऊ. लई हसवतो," सोमाजी म्हणाला.

"हसायला मोबाईल हाय की घरी! आमाला बाईंचं रडणं पायजे. राजाचं डोकं मांडीवर घेऊन कशा गदगदा हालत्यात, राव! मागल्या साली आमची म्हातारी दोन दिस धड जेवली न्हाई." मग ते मोठ्या मायेनं केशरबाईकडं वळले. "अन् आता तर बाई, लई खरं वाटंल."

बोलून बसले आणि मग त्यांनी जीभ चावली. सव्वीस वर्षं तो राजा झालेला भागुजी, केशरबाईचा नवरा, पौषात गेला होता. तेव्हापासून ती स्टेजवर उभी राहिली नव्हती.

केशरबाईला राग नाही आला. राग कुणाचा धरायचा? त्या प्रसंगात ती आजवर एकदाही रडली नव्हती, हे या भल्या माणसाला कुठं ठाऊक! भागुजी म्हणजे मुलखाचा वांड. मेलेला राजा होऊन मांडीवर पडला, की डोळे मिटून, ओठ न हलवता सुरू व्हायचा. "केशर, म्होरला टोपीवाला घोरतोय बघ." "केशर, भजी ठिवली ना गं मला?" हसू दाबता दाबता तिचा जीव जायची वेळ यायची. खांदे गदगदायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि समोर अख्खं गाव पदरानं डोळे पुसायचं. दोघांचं एवढं एकच गुपित होतं. ते आता तिच्या एकटीकडं उरलं होतं.

तिला भीती वाटत होती ती निराळीच. खरं रडू आलं तर थांबायचं कसं? राजा गेल्यावर राणीला पाऊण तास वग पुढं न्यायचा असतो.

पण फडात साठ माणसं होती. "द्या सुपारीचा नारळ," ती म्हणाली.

गेणभाऊंचा जीव भांड्यात पडला. झाली चूक सावरावी म्हणून त्यांनी विचारलं, "नवा राजा कोन? जरा बघू तरी, कसा मरतोय त्यो."

नवा राजा राजरत्न. चोवीस वर्षांचा, जीन्समधला, भारी मन लावून काम करणारा. तो सतरंजीवर आडवा झाला. केशरबाईनं पदर खोचला, मांडी घातली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पोरगा मेला मात्र झकास. पापणी हलेना, श्वास दिसेना. भागुजीला असं मरणं जन्मात जमलं नसतं.

केशरबाई वाकली, सवयीनंच कान त्याच्या तोंडाशी नेला आणि थांबली. गेणभाऊ पुढं सरकून बघत होते. तिचे खांदे काही हलेनात.

"बोल की रं कायतरी," ती कुजबुजली.

राजरत्ननं एक डोळा किलकिला केला. "काय बोलू, मावशी?" तो तसाच हळू म्हणाला. "मी मेलोय ना!"

केशरबाईचे खांदे गदगदायला लागले. या खेपेला त्यात हसू नव्हतं.

"ह्येच! ह्येच पायजे," गेणभाऊ खूश होऊन सोमाजीच्या कानाशी लागले. "काय बी फरक पडला न्हाई बघा."